अळीच्या बाजूने

त्या दुपारचं मला काही आठवत नाही. इथे लिहिते आहे ते ऐकीव आहे. ज्यांच्याकडून ऐकलं ते चौघेही पत्रकार असल्यामुळे हकिगतीही चार आहेत.

चौघांच्या सांगण्यात जुळणारा भाग एवढाच. दुपारची बैठक सुरू होती, पहिल्या पानावर काय घ्यायचं ते ठरत होतं. मी पाणीकपातीच्या बातमीचा मथळा वाचून दाखवत होते. वाक्याच्या मध्येच थांबले, मान एका बाजूला वळली आणि खुर्चीवरून खाली गेले. अंग ताठ झालं, मग झटके सुरू झाले. तोंडातून फेस आला, त्यात रक्त होतं, कारण जीभ चावली गेली होती. हे किती वेळ चाललं यावर एकमत नाही. क्रीडा पानाच्या सहकाऱ्याने स्वतःचा बूट काढून माझ्या नाकाशी धरला. दुसऱ्याने माझ्या मुठीत कपाटाच्या किल्ल्या कोंबल्या.

फीट आलेल्या माणसाला चप्पल हुंगवू नये, हातात लोखंड देऊ नये, तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावं आणि घड्याळ बघावं, हा मजकूर आमच्या आरोग्य पुरवणीत दरवर्षी या ना त्या निमित्ताने छापला जातो. तो लिहिणारा गृहस्थ त्या बैठकीत हजर होता. किल्ल्या त्याच्याच होत्या.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. वय चव्वेचाळीस. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, डोक्याला कधी मार लागलेला नाही, लहानपणी कधी फीट आलेली नाही. पुढच्या काही दिवसांत हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी ते दुसऱ्या कोणाच्या तरी बातमीसारखं वाटायला लागलं.

अंगठा

शुद्ध आली तेव्हा मी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात होते. सगळं अंग कोणीतरी पिळून वाळत घातल्यासारखं दुखत होतं. समीर, माझा नवरा, हिंजवडीहून येऊन पोचला होता आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं. मी त्याला तीनदा विचारलं म्हणे, की आवृत्ती छपाईला गेली का.

मेंदूविकारतज्ज्ञ बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी सहकाऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, सुरुवात कुठल्या हातापासून झाली? चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. एक म्हणाला डावा, मग समोरून बघितल्यामुळे उजवा असेल म्हणाला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. पडण्याच्या आधी काय आठवतं ते नको, म्हणाल्या. आधीच्या आठवड्यांत काही विचित्र झालं होतं का, कितीही क्षुल्लक, ते सांगा. मला सांगण्यासारखं काही वाटेना. बऱ्याच वेळाने आठवलं की उजवा अंगठा अधूनमधून आपोआप उडायचा. माउसवर हात असताना, एकदा पोळी मोडताना. थोडा वेळ टकटक व्हायची आणि थांबायची. दिवसभर माउस धरून होत असेल म्हणून मी त्याला बाम चोळत होते.

डॉक्टर पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या. अंगठ्याची ती टकटक म्हणजेच लहान फीट होती, असं त्यांनी सांगितलं. विजेचा गोंधळ मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू होत होता आणि तिथेच विझत होता. त्या दुपारी तो विझला नाही, सगळीकडे पसरला. मोठेपणी पहिल्यांदा फीट आली की तिला कारण असू शकतं हे धरूनच चालायचं. साखर घसरणं, क्षार कमी होणं, जागरण, दारू, जुना मार, रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, गाठ, हे सगळं एकेक करून तपासायचं. कधी काहीच सापडत नाही. तुमच्या बाबतीत सुरुवात एका कोपऱ्यापासून आहे, म्हणजे तिथे काहीतरी असण्याची शक्यता जास्त आहे.

हे लिहिण्याचं एक कारण हा अंगठा आहे. असं काही होत असेल तर बाम चोळत बसू नका.

ठिपका

एमआरआयच्या नळीत रस्ता खोदल्यासारखा आवाज येतो. कानात बोळे घालतात, त्याचा फारसा उपयोग होत नाही. हलायचं नाही एवढंच काम असतं आणि तेवढंच जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावलं. तिसऱ्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, आणि कोणत्याही बैठकीला बोलावणं आलं नसलं तरी वेळेवर पोचतात.

पडद्यावर माझा मेंदू होता. डाव्या बाजूला एक पांढरी कडी, कडीच्या आत बारीक ठिपका, भोवती सूज. डॉक्टरांनी मुख्य शक्यता तीन सांगितल्या. क्षयाची गाठ असू शकते. अळीची पुटी, म्हणजे आत अळी असलेली पिशवी, असू शकते, आणि आतला ठिपका बघता त्यांना तेच वाटत होतं. तिसरी शक्यता ट्यूमरची. पहिल्या दोन्हींवर औषध आहे. तिसरी सध्या कमी वाटते, पण या घडीला तिच्यावर काट मारणार नाही. गोळ्या देऊ, काही महिन्यांनी पुन्हा चित्र काढू. कडी लहान झाली तर अळी. मोठी झाली तर कवटी उघडून तुकडा काढून बघावा लागेल.

समीरने विचारलं, अळी म्हणजे कसली.

डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी, त्याची अळी, असं डॉक्टर म्हणाल्या.

मग सासूबाईंनी पदर सारखा केला. "अहो, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"ते अळीला माहीत नसतं, आजी," डॉक्टर म्हणाल्या.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना आजी म्हटलेलं आवडत नाही. अळीचा राग दुसऱ्या क्रमांकावर होता.

त्यानंतर डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्या दिवशी आमच्यापैकी कोणी नीट ऐकलं नाही, म्हणून इथे सरळ लिहिते. डुकराचं अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी होतो. मेंदूतली अळी वेगळ्या वाटेने येते. आतड्यात कृमी असलेल्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, ती सांडपाण्यातून भाजीवर येतात किंवा न धुतलेल्या हातातून अन्नात जातात, आणि जो ते कच्चं खातो त्याच्या पोटात त्यांतून अळ्या निघून मेंदूपर्यंत पोचतात. खाणारा शाकाहारी आहे की नाही याने काही फरक पडत नाही. रोज कोशिंबीर खाणारी, प्रत्येक पदार्थावर मूठभर कोथिंबीर भुरभुरवणारी घरं यात येतातच.

आमचं घर तसंच आहे. आमच्याकडे आमटी झाली हे कोथिंबीर पडल्यावर ठरतं.

वॉर्ड

रुग्णालयाचा दिवस पहाटे सुरू होतो आणि संपता संपत नाही. रक्त काढणारा, ताप बघणारी, फरशी पुसणाऱ्या मावशी, नाश्त्याचा उपमा. प्रत्येक पाळीला नवी परिचारिका तेच प्रश्न विचारायची. नाव काय, कुठे आहात, आज वार कोणता. वार मी पुरवण्यांवरून सांगायचे. समीरने आणलेल्या अंकात वास्तूची पुरवणी असेल तर शनिवार. एक जण म्हणाली, "ताई, पेपर बघून सांगायचं नाही." तो माझा आजारपणातला पहिला सरळ अपमान, आणि मला तो बरा वाटला.

छातीचा एक्स-रे झाला, क्षयासाठीच्या तपासण्या झाल्या, अळीचं औषध सुरू करण्याआधी डोळ्यांत अळी नाही ना हे बघायला डोळ्यांचे डॉक्टर आले. मेंदूच्या लहरींच्या तपासणीत डोक्याला तारा चिकटवतात. त्या काढल्यावर डिंकासारखं मलम केसांत राहतं, आणि ते कोरडं होऊन दगड होतं. मला मान वर करण्याचं त्राण नव्हतं. शेजारच्या खाटेवर बिबवेवाडीच्या एक बाई होत्या, त्यांची मुलगी भेटायला यायची. तिने खोबरेल तेलाने एकेक बट मोकळी केली. फोनवर कुणाशी तरी भांडत होती, आणि तिचे हात चालू होते. नंतर आलेल्या फुलांच्या गुच्छांपैकी एकही आठवत नाही. तिचं भांडण मात्र आठवतं, कुठल्याशा क्लासच्या वेळेवरून होतं.

घर

घरी आल्यावर कळलं की मी एकटी राहू शकत नाही. गॅसजवळ जायचं नाही, स्कूटर चालवायची नाही, जागरण करायचं नाही. रात्रपाळी बंद म्हणजे आमच्या धंद्यात निम्मी नोकरी बंद. न्हाणीघराच्या दाराची कडी समीरने स्क्रूड्रायव्हर घेऊन काढून टाकली आणि सासूबाई स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन बाहेर बसायला लागल्या. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "वृंदा, आहेस का?"

"आहे, आई."

पाण्याचा आवाज थांबला की विचारायच्या. पाण्याचा आवाज फार वेळ आला तरी विचारायच्या. अंघोळ करताना हजेरी देणं किती थकवणारं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनाही ते थकवत असणार. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या स्टुलाला पाठ नाही.

गोळ्यांनी झोप यायची आणि उठल्यावर राग यायचा. सूज उतरवण्याच्या औषधाने भूक वाढली, चेहरा गोल झाला. भेटायला येणारे म्हणायचे, तब्येत छान दिसतेय. सोसायटीत सासूबाईंनी सांगितलं होतं की मेंदूला सूज आली आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी कशामुळे असं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, फार वाचन. त्यांना अळी हा शब्द उच्चारायचा नव्हता. त्या शब्दाच्या मागे डुक्कर उभं होतं.

समीरही त्या शब्दाच्या विरुद्ध होता. माझ्या तपासण्यांची पिशवी घेऊन तो आणखी दोन डॉक्टरांकडे गेला. प्रत्येकाला विचारायचा, क्षय असू शकतो ना? दोघांनीही पहिल्या डॉक्टरांचंच म्हणणं सांगितलं. परत आला की बूट न काढता सोफ्यावर बसायचा. क्षयरोगाविषयी वाचून मला सांगायचा, किती साधा आजार आहे, किती खात्रीचे उपचार आहेत.

मला हे कळत नव्हतं. माझा हिशेब सरळ होता. अळी असेल तर ती मरेल. अळी नसेल आणि कडी मोठी झाली, तर कवटी उघडणार. रोज डोळे मिटले की मला ती पांढरी कडी दिसायची, आणि मी मनातल्या मनात ती अळीच असू दे म्हणायचे. घरात अळीच्या बाजूने मी एकटीच होते.

डब्या

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी करायला सांगितली. घरातच कोणाच्या आतड्यात कृमी असेल तर अंडी तिथूनच येत असतील, आणि माझ्यावर उपचार करून काही उपयोग नाही.

त्या संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा समीरने तीन रिकाम्या डब्या टेबलाच्या कडेला ठेवल्या. झाकणांवर नावं लिहिलेली होती. सासूबाईंनी आपलं नाव असलेली डबी बोटाने लांब सरकवली.

"आधी सुरेखाची करा."

सुरेखाताई आमच्याकडे पोळ्या करतात. माझ्या लग्नाआधीपासून करतात. सासूबाईंचं म्हणणं असं की बाहेरचा हात लागतो तो तिचाच, बाकी घरात येणार कुठून. तिला उद्यापासून नको म्हणून सांगते, म्हणाल्या.

आमच्या धंद्यात आरोप सिद्ध होईपर्यंत 'कथित' लिहितात. मी तेवढंच म्हणाले. मला भांडायचं बळ नव्हतं.

"सुरेखाताईंना काही सांगू नकोस," समीर म्हणाला. त्याने हात धुतले, परत येऊन बसला. "मी खातो, आई."

"काय खातोस?"

"सगळं. ऑफिसात दुपारी, बाहेरचं. कॅम्पात शनिवारी सकाळी ऑफिसचे आम्ही जातो ना, तिथे. सॉसेज पण. बरीच वर्षं."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मी आमटीकडे बघत होते. तिच्यावर कोथिंबीर होती.

"आणि डबा?" सासूबाईंनी विचारलं. "मी रोज डबा देते, तो रिकामा येतो. तो कोण खातं?"

"सचिन खातो. त्याला तुझी भरली वांगी आवडतात."

"सचिन कोण?"

"टेस्टिंगमधला."

त्यांनी ताट उचललं आणि आत गेल्या. मांसापेक्षा त्यांना सचिनचं जास्त लागलं, असं मला वाटतं.

मग समीर माझ्याशी बोलला. डॉक्टरांनी पहिल्यांदा तो शब्द उच्चारल्यापासून त्याला खात्री होती की हे त्याच्याकडून माझ्या डोक्यात गेलं. म्हणून तो क्षय मागत होता. त्या दोन डॉक्टरांच्या दारात बसून त्याने एकदा असंही मनात आणलं होतं की ट्यूमर निघाला तर निदान आपल्यामुळे नाही.

"एकदाच," तो म्हणाला. "लगेच काढून टाकलं डोक्यातून."

रागावण्यासाठी जी शक्ती लागते ती त्या गोळ्यांनी दुसरीकडे नेली होती. मग मी त्याला विचारलं की सॉसेज चांगलं असतं का. बरं असतं, तो म्हणाला.

सकाळी उशिरा उठले तेव्हा टेबलावर दोनच डब्या होत्या. सासूबाई तिसरी घेऊन, कापडी पिशवीत घालून, रिक्षाने कर्वेनगरच्या प्रयोगशाळेत जाऊन आल्या होत्या. आपली तपासणी घरच्यांच्या आधी नोंदली जावी, असा त्यांचा कटाक्ष असावा. सुरेखाताई नेहमीसारख्या आल्या आणि पोळ्या करून गेल्या. त्यांना आजवर यातलं काही माहीत नाही.

आमच्या तिघांच्या तपासणीत काहीही निघालं नाही. समीरच्याही नाही. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक वेळा मूळ सापडत नाही. आतड्यातला कृमी कधीकाळी असेल आणि गेला असेल, किंवा अंडी कुठल्या तरी पाण्यातून, कुठल्या तरी जुडीतून आली असतील. मी आयुष्यभर सूत्रांच्या हवाल्यावर बातम्या सोडल्या. माझ्याच बातमीला सूत्र मिळालं नाही.

समीरला ते निर्दोष सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. पुराव्याअभावी सुटलेला माणूस जसा वावरतो तसा तो वावरत राहिला.

दुसरं चित्र

काही महिन्यांनी पुन्हा त्या नळीत गेले. मधल्या काळात फीट आली नव्हती, अंगठा उडाला नव्हता. पण कडी आतून काय करते आहे हे अंगठ्यावरून कळत नाही. बाहेर आले तेव्हा समीर जिन्याच्या पायरीवर बसला होता. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. जुन्यात कडी होती. नव्यात एक पांढरा कण राहिला होता, भोवतीची सूज गेली होती.

"म्हणजे अळीच?" समीरने विचारलं.

"अळीच. मेली. हा तिचा व्रण."

त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. अळी हेच उत्तर त्याला नको होतं, आणि तरी त्याला आनंद झाला होता.

व्रण राहणार, म्हणून फीटच्या गोळ्या पुढेही घ्यायच्या आहेत. किती काळ, हे डॉक्टर सांगत नाहीत. मनाने बंद करायच्या नाहीत, एवढं दर वेळी सांगतात. मी आता दिवसपाळीत पुरवण्या बघते आणि बसने जाते. थकवा आहे. तो जाईल असं सगळे सांगतात. हा आजार होऊन गेलेले जे लोक मला पुढे भेटले, ते मात्र तसं सांगत नाहीत.

दुसऱ्या चित्राच्या दिवशी घरी पोचलो तेव्हा जिन्यात समोरच्या काकू आणि सासूबाई उभ्या होत्या. काकूंनी विचारलं, मेंदूची सूज उतरली का?

समीरने फोन करून निकाल सांगितला होता, तरी सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"सूज नव्हती हो," त्या काकूंना म्हणाल्या. "अळी होती. डोक्यात. पट्टकृमीची."

काकूंचा हात कठड्यावर गेला. "अगंबाई. पण तुमच्याकडे तर..."

"आमच्याकडे काही नाही. तिघांची तपासणी झाली आहे. भाजीतून येते ती." आणि मग, शाळेत असताना वर्गात विचारायच्या त्या आवाजात, "तुम्ही कोथिंबीर कशी धुता?"

काकू घरात गेल्या. त्यांच्याकडून अधूनमधून येणारी काकडीची कोशिंबीर त्यानंतर आलेली नाही.

मी अंघोळीला गेले. दाराची कडी अजून बसवलेली नाही, आणि बसवू नका असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. दार नुसतं लोटलं. डोक्यावर पाणी घेतलं, थांबले, आणि प्रश्न यायची वाट बघितली. तो आला नाही. सवयीने मीच विचारलं, "आई, आहात का?"

दार थोडं उघडून बघितलं. स्टूल नव्हतं, आणि बाहेर कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातून कोथिंबिरीचा वास येत होता, आणि नळ सुरू होता. बराच वेळ सुरू होता.